कबुलीचा सीन

"मॅडम, मावळातला माणूस पोलिसांसमोर कसा बोलेल, ते आमच्या नटाला शिकवाल का?" दिग्दर्शकाने पहिल्याच फोनवर मला हे विचारलं. मी म्हटलं, मावळातला माणूस पोलिसांसमोर शक्यतो बोलतच नाही. तो हसला आणि म्हणाला, "म्हणूनच तुम्ही हव्यात."

मी तळेगावला एका शाळेत बरीच वर्षं मराठी शिकवलं. माझं माहेर मात्र मळवलीच्या पलीकडचं, भातखाचरांच्या कडेचं एक लहान गाव. शाळेत मी पुस्तकातलं बोलायचे आणि सुट्टीत माहेरी गेले की अंगणात पाय ठेवेपर्यंत माझं "आम्ही" जाऊन "आमी" झालेलं असायचं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर मी मुदतीआधीच नोकरी सोडली. पुढे एका मालिकेतल्या नटीला थोडी बोली शिकवली, तिथून माझं नाव या दिग्दर्शकापर्यंत पोचलं.

ज्या प्रकरणावर सिनेमा निघत होता ते आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. मळवलीच्या बाजूला एका बंगल्यात पुण्याच्या एक वयस्कर बाई एकट्या येऊन राहायच्या. एका सकाळी त्या जिन्याच्या पायथ्याशी मेलेल्या सापडल्या. अंगावर दागिने नव्हते. बंगल्याची देखभाल करणाऱ्या माणसाकडे किल्ल्या असायच्या, म्हणून त्याला धरलं. तो काही वर्षं आत राहिला आणि मग पुराव्याअभावी सुटला. दुसरं कोणी कधी सापडलं नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल गावोगाव दोन तट पडले होते, आणि ज्यांचं काहीच मत नव्हतं तेही त्या बंगल्यावरून जाताना आवाज खाली करायचे.

सिनेमात नावं बदलली होती, गावाचं नावही वेगळं होतं. गोष्ट तीच होती. तपासात असलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्याने ती दिग्दर्शकाला सांगितली होती. शेवटच्या प्रसंगात तो देखभाल करणारा माणूस चौकीतल्या खोलीत मोडून पडतो आणि सगळं कबूल करतो. खटल्यात अशी कबुली कधी पुढे आली नव्हती, आणि पोलिसांसमोरची कबुली कोर्टात धरतही नाहीत. ती फक्त त्या अधिकाऱ्याच्या सांगण्यात होती. मी हे विचारलं तेव्हा दिग्दर्शक म्हणाला, "मी निकाल देत नाहीये. त्यांना जे आठवतं ते दाखवतोय." तो चाळिशीचा, हळू बोलणारा, नखं कुरतडणारा माणूस होता. वाईट नव्हता. पहिल्या सिनेमाला लोक आले नव्हते आणि हा दुसरा होता, एवढं त्याच्याकडे पाहून कळायचं.

युनिट लोणावळ्यात एका हॉटेलात उतरलं होतं. शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी, बाकी दिवस आम्हीच. दरीतून धुकं वर यायचं आणि दुपारीसुद्धा लॉबीत दिवे लागायचे. रिसेप्शनवर एक मुलगी असायची, विशी-बाविशीची, केस घट्ट बांधलेले, बोलणं अगदी पुण्यासारखं स्वच्छ. माझ्या गुडघ्यांचं तिला कळलं तेव्हापासून शेकायला गरम पाण्याची पिशवी ती स्वतः आणून द्यायची. "मॅडम, टॉवेल गुंडाळून घ्या, भाजेल," एवढंच म्हणायची. नाश्त्याच्या वेळी तीच जेवणघराच्या दाराशी उभी राहून कोणाला काय हवं ते बघायची. आमची माणसं तिच्यासमोर बिनधास्त बोलायची. खुनी असा चालत असेल का, तसा हसत असेल का. एकदा कॅमेरावाला म्हणाला, "मला तर वाटतं त्याची बायकोपण सामील असणार." ती चहाची किटली घेऊन त्याच्या मागेच उभी होती. तिने त्याच्या कपात चहा ओतला.

नट नागपूरकडचा होता. हुशार आणि कष्टाळू. पण सुरुवातीला तो "न्हाई" म्हणायचा ते वगातल्या शिपायासारखं, लोकांनी हसावं असं. दुसऱ्या दिवशी मी त्याला थांबवलं. म्हटलं, "हे गमतीचं बोलणं नाही. माझी आई असं बोलायची, आणि ती रागावली तरी असंच बोलायची." त्यानंतर त्याने माझ्याकडून सगळी वाक्यं वाचून घेतली, मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि कानात घालून हॉटेलच्या व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागला. आठवड्याभरात त्याचा आवाज खाली उतरला. शब्दांची शेपटं गळायला लागली. 'गेलो होतो'चं 'गेलतो' झालं. पटकथेतली कबुली पंचनाम्याच्या भाषेत होती, ती मी सोपी केली, मोडली, मध्ये श्वास ठेवले. "म्या मारलं. म्याच मारलं. बाईंनी कडी काढली अन् म्या..." असं ते वाक्य झालं. वाचल्यावर दिग्दर्शक म्हणाला, "आता खरं वाटतंय." मला बरं वाटलं. आपलं काम चांगलं झालं की वाटतं तसं.

मग नट हट्टाला पेटला. त्याला त्या माणसाला भेटायचं होतं, निदान त्याचा आवाज ऐकायचा होता. दिग्दर्शकाने साफ नाही म्हटलं, कंपनीच्या वकिलाने ताकीद दिली होती. दोघांची तीन दिवस धुसफूस चालली. शेवटी मीच म्हटलं, मी जाऊन येते. त्याचं गाव माझ्या माहेराहून दुसरं-तिसरंच आहे. लपवणार मात्र काही नाही, सिनेमाचं म्हणून सांगणार. दिग्दर्शकाने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

एका गुरुवारी शूटिंगला सुट्टी होती. मी लोकलने मळवलीला उतरले आणि रिक्षा करून गेले. भात पोटरीला आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात. घर वस्तीच्या टोकाला, पत्र्याचं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. मी कडी वाजवली. दार त्या रिसेप्शनवरच्या मुलीने उघडलं.

तिचे केस मोकळे होते आणि हातात पीठ होतं. आतून तिच्या आईचा आवाज आला, "कोन हाय गं?" मुलगी म्हणाली, "माझ्या हॉटेलातल्या मॅडम आहेत." मग माझ्याकडे बघत, आवाज न चढवता म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "मी तुझ्या वडिलांना भेटायला आले. तू इथली हे मला माहीतच नव्हतं."

तिचा विश्वास बसायला वेळ लागला. तेवढ्यात आई बाहेर आली आणि मला आत घेतलं. "हितं बसा बाई, पंख्याखाली." भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली मुलीचं कसलंसं प्रमाणपत्र चौकटीत. आईने माझं आडनाव विचारलं, माहेर विचारलं, आणि मग थोडं थांबून विचारलं, "पानी घेता न्हवं?" कोणत्या घरातली बाई कोणत्या घरात पाणी घेते, ते आमच्या भागात अजून कोणी विसरलेलं नाही. मी तांब्या घेऊन अर्धा रिकामा केला.

तो माणूस जेवायला घरी आला तेव्हा मी आल्याचं कारण सांगितलं. तो आता एका पॉलीहाऊसमध्ये गुलाब तोडायच्या कामावर होता. मनगटांवर काट्यांचे ओरखडे होते. मी ज्या बोलण्यासाठी आले होते ते त्याच्या तोंडात नव्हतंच. तो म्हणाला, "नमस्कार. आपण बसा. मी हात धुऊन येतो." प्रत्येक शब्द वेगळा, नीट ठेवलेला. बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "आत गेले तवा आमच्यावानीच बोलायचे. आत लय जातीची, लय गावची मानसं. बाहेर आले ते असं बोलाया लागले. म्या म्हनलं, घरात तरी नीट बोला. न्हाई जमत आता."

जेवताना त्याने विचारलं, "सिनेमात मी काय करतो?"

मी सांगितलं. बंगला, किल्ल्या, धरपकड. शेवटाशी आले आणि थांबले.

"शेवटी?"

"कबूल करता."

त्याने घास खाली ठेवला. मुलगी चुलीपाशी पाठमोरी होती, ती वळली नाही. तो म्हणाला, "नाव माझं नाही ना?"

"नाही."

"मग ठीक आहे," म्हणून त्याने परत घास उचलला. पण तो तोंडात घातला नाही.

त्याची बायको म्हणाली, "ठीक कसं? नाव कशाला पायजे? हितल्या कुत्र्यालाबी कळंल कोनाचं हाय ते." त्याने तिला हाताने थांबवलं. मला एक शब्द रागाचा बोलला नाही. मी उठले तेव्हा त्याने हात जोडले.

मुलगी मला फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत म्हणाली, "हॉटेलात कोणाला सांगू नका. मी तिथं मामाचा तळेगावचा पत्ता दिलाय. मॅनेजरला माहीत नाही."

"अगं पण रोज तुझ्यासमोर हे लोक काय काय बोलतात," मी म्हटलं. "तू दुसरीकडे ड्युटी मागून घे. निदान आम्ही आहोत तोवर."

"नको," ती म्हणाली. "माझे वडील त्या खोलीत होते तेव्हा आम्हाला काहीच कळत नव्हतं. आई आणि मी बाहेर बसायचो. आता निदान कळतंय तरी काय चाललंय." थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "तुम्ही त्यांना शिकवता ते मी ऐकते. दाराबाहेरून. एकदा मला वाटलं पप्पाच आत आहेत. आधीचे पप्पा."

परत आल्यावर मी दिग्दर्शकाला एवढंच सांगितलं की तो माणूस आता तसा बोलत नाही, तेव्हा त्याचा आवाज ऐकून उपयोग नाही. मुलीचं कोणालाच सांगितलं नाही. पण त्यानंतर ते हॉटेल मला सोसेना. जेवणाच्या टेबलावर कोणी त्या प्रकरणाचा विषय काढला की माझी नजर दाराकडे जायची. ती तिथेच असायची, हात मागे बांधून. मी विषय बदलायचे, भाजी तिखट आहे म्हणायचे, काहीही. नटाला शिकवताना मी खोलीचं दार लावून घ्यायला लागले. तो म्हणाला, "बाई, गुदमरायला होतं." मी म्हटलं, गार वारा गुडघ्याला बाधतो.

कबुलीच्या सीनची तालीम हॉटेलच्या हॉलमध्ये ठेवली होती. त्या दिवशी तो निवृत्त अधिकारी सल्ला द्यायला येणार होता. मी लॉबीत सोफ्यावर बसून होते. तो आला, उंच, अजून ताठ, पांढऱ्या मिशा नीट कातरलेल्या. रिसेप्शनवर सही करायला वाकला आणि पेन हातात धरूनच मुलीकडे बघत राहिला.

"तू कुठली गं?"

"तळेगावची, सर."

"तळेगावात कुठे?"

"स्टेशनजवळ."

"चेहरा ओळखीचा वाटतोय."

"इथं खूप लोक येतात सर," ती म्हणाली आणि त्याच्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला. ग्लासातलं पाणी हललं नाही. तो आणखी काही विचारणार, तेवढ्यात दिग्दर्शक येऊन त्याला आत घेऊन गेला. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "घरी जा. डोकं दुखतंय म्हण. मी मॅनेजरशी बोलते." ती कॉम्प्युटरकडे बघत म्हणाली, "मॅडम, तुम्हाला आत बोलावतायत."

हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या. मधे एक टेबल, एक स्टूल. नट स्टुलावर बसला, अधिकारी समोर उभा राहिला आणि सांगू लागला. दिवा कुठे होता, आपण कुठे होतो, तो माणूस कसा थरथरत होता. त्याला सगळं आठवत होतं, किंवा इतक्यांदा सांगून पाठ झालं होतं. "मारहाण वगैरे काही नाही हां," तो मध्येच म्हणाला, कोणी विचारलेलं नसताना. मग नटाने सुरुवात केली.

तो फार चांगला नट होता. सुरुवातीला नुसता श्वास. मग खाली मान घालून, आमच्या गावच्या माणसाच्या आवाजात, "म्या मारलं. म्याच मारलं." मी लिहून दिलेल्या जागी थांबला. दिग्दर्शकाचं बोट ओठाशी गेलं होतं, ते तिथंच राहिलं. ते सगळं माझं होतं, प्रत्येक शेपूट, प्रत्येक श्वास, आणि ऐकणाऱ्याला आता ते खोटं वाटणं शक्य नव्हतं.

दार उघडलं. मुलगी आत आली. तिच्या हातात काही नव्हतं, ना ट्रे, ना पाणी. ती सरळ टेबलापाशी गेली आणि नटाला म्हणाली, "असं नाही म्हणाले ते."

नटाने मान वर केली. त्याला अजून तंद्रीतून बाहेर पडता आलं नव्हतं. दिग्दर्शक म्हणाला, "तालीम चाललीय, तुम्ही जरा..."

"ते म्हणत होते, न्हाई," ती म्हणाली. "तेवढंच. न्हाई साहेब, न्हाई. मी आणि आई डबा घेऊन भिंतीच्या बाहेर बसलो होतो. दुपारभर तेवढंच ऐकलं. नंतर नुसता आवाज यायचा, शब्द नाही. पण मारलं असं नाही म्हणाले."

अधिकारी हसल्यासारखा झाला. म्हणाला, "तू तेव्हा एवढीशी होतीस. तुला काय आठवणार?"

तो हे सहज बोलून गेला. दिग्दर्शकाने त्याच्याकडे बघितलं. नटाने बघितलं. मग सगळ्यांनी मुलीकडे बघितलं आणि ती कोण आहे ते कोणाला वेगळं सांगावं लागलं नाही. कॅमेरावाला कोपऱ्यात बसला होता. तो उठून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

"म्हणजे ही तिथे होती," दिग्दर्शक म्हणाला.

"अहो, कोणाची बायकामुलं बाहेर बसलेली नसतात?" अधिकारी म्हणाला. "आणि ती काय म्हणणार, बापाने केलं असं म्हणणार?"

मुलगी म्हणाली, "मी तुम्हाला काही म्हणत नाहीये. मी यांना सांगतेय. यांना पप्पांसारखं बोलता येतं, म्हणून." मग ती गेली. मी तिच्यामागे जायला उठले, पण गुडघा धरला होता, आणि मी लॉबीत पोचेपर्यंत मॅनेजर तिला ऑफिसात घेऊन गेला होता. पाहुण्यांच्या कार्यक्रमात शिरली, असं काहीतरी तो काचेपलीकडे बोलत होता.

मागून दिग्दर्शक आला. त्याने ऑफिसचं दार ढकललं आणि मॅनेजरला म्हणाला, "आम्हीच बोलावलं होतं त्यांना. एका वाक्याचा उच्चार विचारायचा होता." मॅनेजरने त्याच्याकडे, मग तिच्याकडे बघितलं. विषय मिटला. दिग्दर्शक बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसला. धुक्यात त्याची नुसती पाठ दिसत होती.

अधिकारी चहा न घेता गेला. संध्याकाळपासून मुंबईहून निर्मात्यांचे फोन सुरू झाले. शेवटच बदलायचा म्हणजे काय, ज्याच्या सांगण्यावर पैसे घातले तोच माणूस आता वकिलाची भाषा करतोय. दिग्दर्शक फोन कानापासून लांब धरायचा. दोन दिवस त्याने दुसरीच दृश्यं उरकली आणि कबुलीचा सीन पुढे ढकलला. तिसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाला, "मॅडम, तिने सांगितलं तेच मी दाखवतो. भिंतीबाहेर आई आणि मुलगी, आणि आतून फक्त तो एक शब्द. पण तिच्या वडिलांना विचारल्याशिवाय नाही. तुम्ही न्याल का?" मुलीला विचारलं. ती म्हणाली, "विचारा. मला नाही माहीत ते काय म्हणतील."

पॉलीहाऊसबाहेर एका बाकड्यावर आम्ही बसलो, मी, दिग्दर्शक आणि नट. आतून दमट गरम हवा येत होती. तो माणूस हातमोजे काढत आला. नट उठून उभा राहिला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "बसा आबा, तुमी हितं बसा." मग स्वतःच लाजला. त्या माणसाने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आपणच का ते," तो म्हणाला. "चांगलं बोलता. माझा थोरला भाऊ असा बोलायचा."

दिग्दर्शकाने सगळं सांगितलं. नवा शेवट समजावला. आपल्याला कबुली दाखवायची नाही, तुम्ही नाकारत होता हे लोकांना ऐकू येईल, वगैरे.

"म्हणजे मी केलं नाही, असं दाखवणार."

"हो, जवळजवळ."

"नको."

दिग्दर्शकाला वाटलं त्याला नीट कळलं नाही, म्हणून तो पुन्हा सांगू लागला. त्या माणसाने त्याला थांबवलं. "मी केलं असं दाखवलं तर लोक म्हणतील, बघा, केलंच होतं. केलं नाही असं दाखवलं तर म्हणतील, सिनेमावाल्यांकडून पैसे घेऊन दाखवून घेतलं. माझ्या मुलीला भिंतीपाशी बसवू नका. ती तिथं बसली होती हे गावात पुष्कळांना माहीत नाही."

"मग मी काय दाखवू?" दिग्दर्शकाने विचारलं. हे तो खरंच विचारत होता.

"ते मला आता का विचारता?" तो माणूस म्हणाला. आवाज चढवला नाही, पण पहिल्यांदाच त्याच्या मानेची शीर दिसली. "लिहायच्या आधी विचारायचं होतं. तेव्हा मी इथंच होतो. रोज इथंच असतो." मग त्याने हातमोजे घातले, कारण आतून मुकादम हाक मारत होता.

परतताना मळवलीच्या रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा नट म्हणाला, "ती वाक्यं मी बोलणार नाही. तुम्ही दुसरा माणूस बघा पाहिजे तर." दिग्दर्शक म्हणाला, "मला माहितीये." फाटक उघडेपर्यंत तो नखं कुरतडत होता.

कबुलीचा सीन झाला नाही. शेवटच्या दिवशी दिग्दर्शकाने एवढंच घेतलं: अधिकाऱ्याचं काम करणारा नट खोलीत जातो, दार लागतं, आणि कॅमेरा बराच वेळ त्या दारावर राहतो. आत काय झालं ते सांगितलेलं नाही. बाहेर कोणी बसलेलं नाही. त्या शॉटच्या वेळी निर्मात्यांचा एक माणूस सेटवर हजर होता. तो म्हणाला, "हे काय आहे? शेवट कुठाय?" दिग्दर्शकाने दिवे काढायला सांगितले. मला वाटलं होतं की मुंबईत गेल्यावर ते कोणाकडून तरी ती वाक्यं बोलवून घेतील आणि दारावर चिकटवतील. डबिंगला मला बोलावलं तेव्हा मी आधी तेच विचारलं. तशी मागणी झाली होती, नटाने आणि दिग्दर्शकाने मिळून थोपवली होती. किती भांडावं लागलं ते दोघांनी मला सांगितलं नाही.

सिनेमा मोबाइलवर सिनेमे दाखवणाऱ्या एका कंपनीने घेतला. बऱ्याच जणांनी पाहिला आणि बऱ्याच जणांनी लिहिलं की शेवट कच्चा आहे. बोली चांगली आहे, असंही लिहिलं. मला ते वाचून काही वाटलं नाही, किंवा वाटलं ते सांगण्यासारखं नव्हतं. त्यानंतर मी बोली शिकवायचं एकच काम घेतलं, तेही एका विनोदी नाटकाचं. गुन्ह्याची गोष्ट आली की मी आधी विचारते, यातली माणसं जिवंत आहेत का आणि त्यांना माहीत आहे का. दोनदा यावर समोरच्याने फोन ठेवून दिला.

मुलीने सिनेमा येण्याआधीच हॉटेल सोडलं होतं. ती आता तळेगावजवळ वराळ्याकडे एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते आणि तिथे तिने खरा पत्ता दिलाय. मला तिने हे फोनवर सांगितलं, जरा घाईतच, मागे पेशंटची नावं पुकारली जात होती. तिने सिनेमा पाहिला नाही. आईने शेजारणीच्या मोबाइलवर अर्धा पाहिला आणि नंतर म्हणाली, "ती दाखवलेली बाई काय मी न्हाई. ती लय रडती."

तरी जे व्हायचं ते झालंच. शनिवार-रविवारी पोरं मोटरसायकली घेऊन बंगला शोधत यायला लागली. बंगल्याच्या नव्या मालकांनी फाटकाला पत्रा ठोकला, म्हणून मग ती वस्तीत शिरून विचारायची. तो माणूस रविवारी जास्तीचं काम मागून घ्यायचा आणि घरी थांबायचाच नाही.

गेल्या महिन्यात मी आठवड्याच्या मधल्या वारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांच्याकडे गेले होते. तो अंगणाच्या कडेचं गवत कापत होता आणि मी ओट्यावर बसून त्याच्या बायकोशी बोलत होते. एक मोटरसायकल येऊन थांबली. वर दोन मुलं होती, कॉलेजातली असावीत, चांगल्या घरची, कपाळावर गॉगल. पुढच्याने विचारलं, "काका, तो सिनेमातला बंगला इकडेच आहे ना?"

त्याची बायको उठायला लागली. मी तिचा हात धरला, का ते मला माहीत नाही.

तो विळा हातात घेऊनच उभा राहिला. "सरळ जा. विहिरीपासून डावीकडे. पण आत जाता येत नाही."

"बाहेरून फोटो काढता येतो ना?"

"काढतात लोक."

मागचा मुलगा जरा पुढे झुकला. "तुम्ही ओळखत होता का त्याला? त्या केअरटेकरला?"

"हो," तो म्हणाला. "इथंच राहतो तो."

दोघांनी घराकडे पाहिलं, पत्र्याकडे, वाळत घातलेल्या कपड्यांकडे, माझ्याकडे. पुढच्याचा हात मोबाइलकडे गेला होता. "आहे का आत्ता घरी?"

"नाही," तो म्हणाला. "कामाला गेलाय. उशिरा येईल."

मुलं थोडी घुटमळली. मग थँक्यू काका म्हणून त्यांनी गाडी वळवली. ती विहिरीपर्यंत जाईस्तोवर तो तसाच उभा होता. नंतर खाली बसला आणि कापलेलं गवत एका बाजूला सारून उरलेलं कापायला लागला. त्याच्या बायकोने माझा हात सोडवून घेतला आणि चहा गाळायला आत गेली.